घरचं १९७

गेल्या महिन्यात कॅमेऱ्यांबद्दलच्या एका पत्राला उत्तर देताना मी ओघात लिहून गेले होते: आमच्या घरी कुणी आकडे पाठ करत नाही, फोटो, छपाई, कॅमेरा अशी नावं टाइप केली की ते ते यंत्र उघडतं. मला ते इतकं सवयीचं झालंय की समजावून सांगायचं राहूनच गेलं. वाचकांनी ते बरोबर पकडलं. या खेपेची सगळी पत्रं त्याच एका वाक्यावर आली आहेत, तेव्हा हा अंक घरच्या डीएनएसचा, म्हणजे नावावरून यंत्राचा पत्ता सांगणाऱ्या व्यवस्थेचा.

प्रश्न: ताई, सप्रेम नमस्कार. कोल्हापुरात आमचं तीन मजली घर आहे. तळमजल्यावर मिसेसच्या क्लासचा प्रिंटर, पहिल्या मजल्यावर फोटो साठवायचा नॅसचा डबा, गच्चीच्या खोलीत कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर. लाईट जाऊन आली की सगळ्यांचे आयपी पत्ते बदलतात. काल ३७ वर असलेला प्रिंटर आज ४२ वर. तुमच्यासारखी नावं द्यायला रास्पबेरी पाय नावाचा तो छोटा संगणक घ्यावाच लागेल का? राउटर इंटरनेट कंपनीनं दिलेला आहे. मिसेस म्हणतात, "चालतंय ते बिघडवू नका."
— निवृत्त प्राध्यापक, कोल्हापूर

उत्तर: सर, वहिनींचं म्हणणं वाऱ्यावर सोडू नका. त्यांच्याकडे शेवटी परत यायचंच आहे.

तुमच्या तक्रारी खरं तर दोन आहेत. पत्ता बदलतो ही एक, आणि पत्ता लक्षात राहत नाही ही दुसरी. मी ३१ वर्षं टेलिफोन खात्यात काढली, त्यातली निम्मी एमडीएफच्या, म्हणजे एक्स्चेंजमधल्या तारा जोडायच्या, चौकटीपुढं जंपर ओढण्यात. तिथली पहिली शिकवण अशी की गिऱ्हाइकाचा नंबर कायम झाल्याशिवाय तो डिरेक्टरीत छापायचा नाही. तुमचा प्रिंटर रोज नवा नंबर घेतो आहे, तोवर त्याला नाव देऊन उपयोग नाही.

म्हणून पहिलं काम फुकटातलं. राउटरच्या पानावर डीएचसीपी नावाचा भाग असतो. घरातल्या यंत्रांना पत्ते वाटायचं काम त्याचं. त्यातच 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' किंवा 'स्टॅटिक लीज' असा पर्याय सापडेल. प्रत्येक यंत्राच्या बुडाशी चिकटवलेल्या कागदावर मॅक पत्ता असतो, बारा आकडे-अक्षरांचा. तो तिथं भरायचा आणि समोर आपल्याला हवा तो आयपी पत्ता लिहायचा. प्रिंटरला १९२.१६८.१.१०, नॅसला ११, रेकॉर्डरला १२. मग लाईट दिवसातून चारदा जाऊ दे. फोनांच्या वाटेला मात्र जाऊ नका. अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनवर आयओएस १४ पासून फोन वायफायसाठी खरा मॅक पत्ता सांगतच नाहीत, एक बनावट सांगतात. आणि फोनला नाव देऊन करायचंय काय?

एवढ्यावर भागत असेल तर इथंच थांबा. ब्राउझरमध्ये तीन खुणा करून ठेवल्या की झालं. खरंच सांगते, दहातल्या सहा घरांना याच्यापुढं जायची गरज नसते.

तुम्ही पुढं जाणार, हे पत्राच्या सुरावरून दिसतंच आहे. तर ऐका. आपल्या पिढीला १९७ आठवत असेल, टेलिफोन खात्याचा चौकशीचा नंबर. नाव सांगायचं, पलीकडून नंबर मिळायचा. डीएनएस म्हणजे तेच १९७. फोन असो की लॅपटॉप, कुठलंही पान उघडण्याआधी तो आधी १९७ ला विचारतो, "या नावाचा नंबर काय?" आज तुमच्या घरातले सगळे प्रश्न बाहेर, कंपनीच्या १९७ कडे जातात, आणि त्यांना तुमच्या गच्चीवरचा रेकॉर्डर माहीत असण्याचं कारण नाही. घरात स्वतःचं छोटं १९७ बसवायचं. घरातलं नाव विचारलं तर त्यानं स्वतः सांगायचं, बाहेरचं विचारलं तर बाहेर विचारून सांगायचं आणि ते थोडा वेळ लक्षातही ठेवायचं.

थोडं विषयांतर, कारण मला हे फार आवडतं. सुरुवातीच्या काळात, आर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वजावर, सगळ्या जाळ्याची मिळून एकच यादी होती, होस्ट्स नावाची एक साधी फाइल. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर या बाईंचा विभाग ती सांभाळायचा, आणि बाकीचे सगळे ती तिथून उतरवून घ्यायचे. जाळं वाढलं तसं ते झेपेना. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी यादी वाटून टाकायची पद्धत मांडली, ज्यानं त्यानं आपापल्या शाखेची सांभाळायची. आजही तेच चालू आहे. गंमत म्हणजे ती जुनी होस्ट्स फाइल मेली नाही. तुमच्या विंडोजमध्ये आणि लिनक्समध्ये ती अजून आहे, आणि तिच्यात 'पत्ता, मोकळी जागा, नाव' अशी ओळ लिहिली की त्या एका संगणकापुरतं काम होतं. घरात दोनच संगणक असतील तर तेवढंच करा. फोनवर ती फाइल सरळपणे उघडता येत नाही, म्हणून सर्व्हर लागतो.

यंत्र कुठलं? पायच हवा असं नाही. तुमच्या नॅसमध्ये डीएनएसची सोय असेल तर तो आधी पाहा, तो तसाही दिवसरात्र चालू असतो. जुना लॅपटॉप चालतो. माझ्याकडे पाय ३ आहे, देव्हाऱ्यामागच्या फळीवर, राउटरच्याच छोट्या यूपीएसवर. तीनेक वॅट खातो. म्हणजे महिन्याला सव्वादोन युनिटं धरा. वायफायवर ठेवू नका, केबल लावा. ज्याला सगळं घर विचारणार त्याचाच आवाज तुटक येऊन कसं चालेल?

सॉफ्टवेअर म्हणून मी डीएनएसमास्क वापरते. सायमन केली या गृहस्थांनी लिहिलेला हा आटोपशीर प्रोग्रॅम, बऱ्याच राउटरांच्या पोटातही तोच असतो. पाय-होल नावाचं जाहिराती अडवणारं जे लोकप्रिय प्रकरण आहे, त्याच्या आतही याचंच एक रूप आहे. पाय-होल बसवायला सोपं आणि त्याची पानं रंगीत. नवख्यानं तेच घ्यावं. मला रंगीत पानांचा कंटाळा, एवढंच.

डीएनएसमास्कची सगळी सेटिंग्ज माझ्याकडे सहा ओळींत मावतात. दोन ओळी शिस्तीच्या: 'डोमेन-नीडेड' आणि 'बोगस-प्रिव्ह'. पहिलीमुळं ठिपका नसलेली अर्धवट नावं बाहेर जात नाहीत, दुसरीमुळं घरगुती पत्त्यांची उलटी चौकशी बाहेर जात नाही. दोन ओळी घराच्या आडनावाच्या: आपलं डोमेन कुठलं, आणि त्यातलं काहीही बाहेर विचारायचं नाही. एक ओळ, नुसत्या नावामागं ते आडनाव आपोआप जोडण्याची. आणि एक ओळ, बाकीचं कुणाला विचारायचं त्याची. नावं म्हणाल तर त्याच जुन्या होस्ट्स फाइलमध्ये, रोज वहीत लिहावं तशी. डीएनएसमास्क तीच वाचतो. नवं नाव घातलं की त्याला एकदा पुन्हा वाचायला सांगायचं.

उबुंटूवर (लिनक्सचाच एक प्रकार) बसवत असाल तर सुरू करतानाच तो कुरकुरेल की ५३ नंबरचं पोर्ट, म्हणजे डीएनएसचे प्रश्न घ्यायचं दार, आधीच कुणीतरी घेतलंय. घाबरू नका. सिस्टमडी-रिझॉल्व्ह्ड नावाचा घरातलाच माणूस त्या खुर्चीवर बसलेला असतो. त्याच्या फाइलमध्ये 'स्टब लिसनर' बंद केला की खुर्ची मोकळी.

आडनाव निवडताना मी जी चूक केली ती करू नका. मी २०१६ मध्ये सगळ्यांना 'डॉट लोकल' लावलं होतं. दिसायला झकास. पण ते आडनाव प्रिंटर आणि टीव्ही एकमेकांना थेट हाका मारून शोधतात त्या पद्धतीसाठी २०१३ पासूनच राखीव आहे. मग कधी सर्व्हर उत्तर द्यायचा, कधी प्रिंटर स्वतः ओरडायचा, कधी कुणीच नाही. घरासाठी अधिकृतपणे राखून ठेवलेलं आडनाव 'होम डॉट अर्पा' आहे, २०१८ पासूनचं. कानाला रुचत नाही खरं, पण ते जगात दुसऱ्या कुणाला मिळणार नाही. 'डॉट इंटर्नल' हेही २०२४ मध्ये खासगी वापरासाठी बाजूला ठेवलं गेलं, ते जरा बोलण्यासारखं आहे. मनानं 'डॉट डेव्ह' वगैरे घेऊ नका. ते खरोखरचं आहे आणि विकलं गेलेलं आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सर्व्हर उभा राहिला, तरी घरातल्या यंत्रांना सांगायला हवं की आजपासून १९७ हा आहे. राउटरच्या त्याच डीएचसीपीच्या पानावर डीएनएसचे दोन रकाने असतात. पहिल्यात तुमच्या पायचा पत्ता. आणि दुसऱ्यात? दुसऱ्यात प्रत्येक जण गुगलचा चार आठांचा पत्ता टाकतो, "पाय बंद पडला तर असू दे" म्हणून. सर, दुसरा डीएनएस म्हणजे स्टेपनी नव्हे. पहिला पंक्चर झाला तरच दुसरा लावायचा, असा नियम यंत्रं पाळतातच असं नाही. कुणी दोघांना आलटून पालटून विचारतं, कुणी ज्यानं लवकर उत्तर दिलं त्याला धरून बसतं. मग प्रिंटर सकाळी सापडतो, दुपारी नाही, आणि तुम्ही प्रिंटर बदलता. दुसरा रकाना रिकामा ठेवा, नाहीतर दोन्हींत पायचाच पत्ता घाला.

कंपनीच्या राउटरमध्ये पुष्कळदा हे रकाने बदलूच देत नाहीत. तसं असेल तर पत्ते वाटायचं कामच डीएनएसमास्ककडे द्यायचं. तो ते आनंदानं करतो. पण मग राउटरचं डीएचसीपी बंदच केलं पाहिजे. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. आणि राखीव पत्तेही मग राउटरऐवजी डीएनएसमास्कमध्येच लिहायचे.

राउटरमध्ये ५३ चं पोर्ट बाहेरच्यांसाठी मात्र कधीही उघडू नका, कुणी कितीही व्हिडिओत दाखवलं तरी. उघड्या डीएनएसला जगभरातून खोटे प्रश्न येतात आणि तुमच्या पायची उत्तरं दुसऱ्याच कुणाच्या तरी दारात ढिगानं ओतली जातात.

आता वहिनी. उद्या तुम्ही गावाला आणि पाय बंद पडला, तर त्यांच्या लेखी 'नेट गेलं'. क्लासची मुलं समोर बसलेली. म्हणून मी एक पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा लिहून मीटरच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवला आहे. त्यावर चार ओळी: राउटरचं पान कसं उघडायचं, पासवर्ड, डीएनएसचा रकाना 'ऑटोमॅटिक' करायचा, राउटर बंद करून चालू करायचा. गेल्या आषाढीला मी वारीत, जेजुरीच्या पुढं, आणि इकडं पायच्या मेमरी कार्डानं राम म्हटलं. सूनबाईनं पुठ्ठा बघून तिचं ऑफिसचं काम दहा मिनिटांत पुन्हा सुरू केलं. मला तर हे घरी आल्यावर कळलं. तुमच्याकडे डीएचसीपी पायवर जाणार असेल तर पुठ्ठ्यावर राउटरचं डीएचसीपी चालू करायची ओळ घाला. तो पुठ्ठा आधी लिहा, वहिनींकडून एकदा करून घ्या, आणि मगच पायचा डबा उघडा.

प्रश्न: डीएनएस सर्व्हर बसवून महिना झाला. लॅपटॉपवर सगळी नावं चालतात. फोनवर कधी चालतात, कधी नाही. बायकोच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर तर कधीच नाही. दुसरा रकाना रिकामाच आहे, हे आधीच सांगतो.
— सॉफ्टवेअरवाला, पिंपळे सौदागर

उत्तर: आधीच सांगितलंत ते बरं केलंत, माझं अर्धं उत्तर वाचलं.

लॅपटॉपवर एनएसलुकअप ही डीएनएसला प्रश्न विचारायची आज्ञा चालवून कुठलंही नाव विचारा. उत्तराच्या पहिल्या दोन ओळींत कुणी उत्तर दिलं ते येतं. तिथं पायचा १९२ वाला पत्ता आहे, की अपूर्णविरामांची लांबलचक माळ? माळ असेल तर चोर सापडला: आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचे पत्ते. तुम्ही डीएचसीपीमध्ये जे लिहिलंत ते जुन्या पद्धतीच्या पत्त्यांपुरतं. राउटर नव्या पद्धतीत दर थोड्या वेळानं घरभर दवंडी पिटतो, आणि त्या दवंडीत "डीएनएस मीच" असं स्वतःचंच नाव घालतो. फोन ती ऐकतो. आता त्याच्याकडे दोन १९७ झाले, म्हणजे पुन्हा तीच स्टेपनीची गोष्ट, फक्त मागच्या दारानं. राउटरमध्ये आयपीव्ही६ च्या पानावर ती दवंडी बंद करता येते का किंवा तिच्यात पायचा आयपीव्ही६ पत्ता घालता येतो का ते बघा. काहीच जमत नसेल तर घरातलं आयपीव्ही६ बंद करणं हा शेवटचा उपाय. शेवटचा अशासाठी की आपल्याकडे शेकडो गिऱ्हाइकांना मिळून एकच जुना पत्ता वाटून देण्याची पद्धत आहे, आणि तुमच्या घराला खरा, स्वतःचा पत्ता जो काही मिळतो तो आयपीव्ही६ चाच.

फोनवर सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' पाहा. अँड्रॉइड ९ पासून आहे. 'ऑटोमॅटिक' असेल तर हरकत नाही; तिथं एखाद्या सेवेचं नाव लिहिलेलं असेल तर तो फोन तुमच्या पायला विचारणारच नाही, बंद लिफाफ्यातून थेट बाहेर विचारेल.

ऑफिसचा लॅपटॉप सोडून द्या. व्हीपीएन, म्हणजे कंपनीच्या जाळ्याशी जोडणारी खासगी वाट, चालू असताना त्याचे प्रश्न कंपनीच्या डीएनएसकडे जातात, आणि ते तसंच असायला हवं. वहिनींना प्रिंट काढायची असेल तर प्रिंटर आयपी पत्त्यानं जोडून बघा. तेही कंपनीनं अडवलं असेल तर फाइल फोनवर घेऊन फोनवरून छापा. मात्र ऑफिसच्या यंत्रात हात घालू नका, नोकरी त्यांची आहे.

प्रश्न: गणपतीला बारा दिवस गुहागरला होतो. जाताना मेन स्विच बंद केला होता. परत आल्यापासून नेट नाही. राउटरचा दिवा हिरवा, कंपनीचा माणूस म्हणतो लाइन उत्तम आहे. पायवरून चार आठांना पिंग केलं तर उत्तर येतं, पण नाव घेतलं की काहीच उघडत नाही. पाय-होल आणि त्यामागं बाहेरची नावं स्वतः शोधून आणणारा अनबाउंड असं दोन्ही बसवलं आहे. गेल्या आठ महिन्यांत एकदाही बिघडलं नव्हतं.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर: पायवर 'डेट' टाइप करा आणि काय तारीख येते ती बघा. मी पैज लावते, तुमच्या पायच्या लेखी अजून गणपती यायचेच आहेत.

हे मी इतक्या ठामपणे सांगते कारण आमच्याकडे हुबेहूब हेच झालं होतं. आम्हीही कोकणातून आलो, बॅगा दारातच, आणि मी रात्री दोनपर्यंत केबली उपटत होते. दुसऱ्या दिवशी इंटरनेटवाल्या मुलाला बोलावून, त्याच्यावर आवाज चढवून, त्याच्याकडून नवा कनेक्टरही बसवून घेतला. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. नंतर त्याला डबाभर मोदक पाठवले.

कारण असं. पाय ४ पर्यंतच्या रास्पबेरी पायमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. बंद होताना, आणि मधूनमधून, तो वेळ फाइलमध्ये लिहून ठेवतो आणि पुन्हा सुरू झाला की तिथूनच पुढं मोजायला लागतो. नेटवरून खरी वेळ मिळाली की दुरुस्त करतो. इकडं अनबाउंड हा कडक शिस्तीचा. डीएनएसच्या उत्तरांवर ज्या डिजिटल सह्या असतात त्या तो तपासतो, आणि प्रत्येक सहीवर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' असं लिहिलेलं असतं. बारा दिवस मागं असलेल्या घड्याळाला आजची सही उद्या-परवाची वाटते, म्हणजे बनावट. तो प्रत्येक उत्तर फेकून देतो. आता घड्याळ दुरुस्त करायचं तर वेळ सांगणाऱ्या सर्व्हरचं नाव शोधायला हवं, आणि नाव शोधायचं तर अनबाउंडला विचारायला हवं. म्हणजे किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप. आठ महिन्यांत हे दिसलं नाही, कारण थोड्या तासांची चूक अनबाउंड पोटात घालतो. एरवीची लाईट दोन-तीन तासांत येते.

आत्ताच्या आत्ता: तारीख हातानं घाला, मिनिटाभरात सगळं जिवंत होईल. कायमचं करायचं तर तीन वाटा आहेत. डीएस३२३१ नावाचं घड्याळाचं छोटं सर्किट मिळतं, खाली गोल सेल असतो, ते पायच्या पिनांवर बसवा. मी तेच केलं आहे. किंवा अनबाउंडला सांगा की वेळेच्या सर्व्हरच्या डोमेनपुरती सही तपासू नकोस. 'डोमेन-इनसिक्युअर' अशी ओळ त्यासाठीच असते. किंवा पायनं स्वतःपुरतं बाहेरच्या डीएनएसला विचारावं, घरातल्यांनी मात्र त्याला. पाय ५ मध्ये घड्याळ आहे, पण त्याची बॅटरी वेगळी घ्यावी लागते. ती न घेता "माझ्याकडे पाय ५ आहे" म्हणून निर्धास्त झालेले दोघे माझ्या ओळखीचे आहेत.

प्रश्न: घरच्या डीएनएस सर्व्हरवर कोण काय बघतं याची नोंद राहते, असं ऐकलं. मुलगा दहावीला आहे. नोंद कशी वाचायची?
— एक आई, लातूर

उत्तर: वाचता येते. पाय-होलमध्ये तर ती समोरच असते: कुठल्या यंत्रानं, किती वाजता, कुठलं नाव विचारलं. पण काय कळतं ते नीट समजून घ्या. साइटचं नाव कळतं, पान कळत नाही. यूट्यूबवर तो गणिताची प्रमेयं बघत होता की क्रिकेट, दोन्हींची नोंद एकच. शिवाय फोन आपणहून रात्रभर शंभर नावं विचारत असतो. मुलगा झोपलेला आणि नोंदीत मात्र जागा.

एक्स्चेंजमध्ये टेस्ट बोर्डावर लाइन तपासताना लोकांचं बोलणं कानावर पडायचं. ऐकलं ते बोर्डावरच सोडायचं, हा आमचा अलिखित नियम होता. घरी पाय बसवल्यावर पहिल्याच आठवड्यात मी नोंद चाळत बसले आणि आमच्या ह्यांच्या फोनवरून रात्री अडीचला एका पॅथॉलॉजी लॅबचं नाव दिसलं, लागोपाठ तीन रात्री. मी काही विचारलं नाही, पण ते तीन दिवस मला जेवण गेलं नाही. चौथ्या दिवशी त्यांनी स्वतःच सांगितलं, साखर वाढली आहे, तुला घाबरवायचं नव्हतं. त्याच संध्याकाळी मी नोंद ठेवणं बंद केलं. पायचं मेमरी कार्डही सारखं लिहिण्यानं लवकर झिजतं, हे बाकीच्यांना सांगायचं कारण.

अभ्यासाच्या वेळेत ठरावीक साइट बंद ठेवायच्या असतील तर ते जरूर करा, मुलाला सांगून करा. पाय-होलमध्ये त्याच्या यंत्रापुरता वेगळा गट करता येतो. मोबाइल डेटा चालू केला की तो यातून सुटतो, हे तुमच्याआधी त्याला माहीत असणार.

प्रश्न: पाय-होल लावला तर सासूबाईंच्या मालिकांमधल्या यूट्यूबच्या जाहिराती जातील का?
— नाव नको, नाशिक

उत्तर: नाही. जाहिरात आणि मालिका एकाच नावावरून येतात; एक अडवलं की दुसरंही जातं. मालिका बंद करायची असेल तर मला गुंतवू नका.

प्रश्न: घरातल्या यंत्रांना मराठीत, देवनागरीत नावं देता येतील का? 'माळा', 'ओसरी', आणि घराचं आडनाव म्हणून 'कऱ्हाड'?
— विद्यार्थी, कऱ्हाड

उत्तर: या महिन्यातलं माझं लाडकं पत्र. येतात. 'डॉट भारत' तर देवनागरीत २०१४ पासून आहे. पण यजमान-नावांच्या या सगळ्या कारभाराला आतून अजूनही फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ एवढंच पचतं. म्हणून ब्राउझर तुमच्या 'ओसरी'चं एका इंग्रजी अक्षरांच्या माळेत रूपांतर करतो, जिच्या सुरुवातीला एक्स, एन आणि दोन आडव्या रेघा असतात. त्या लिपीला प्युनीकोड म्हणतात. सर्व्हरच्या फाइलमध्ये ती माळच लिहायची, आणि पट्टीत टाइप करायचं 'ओसरी'. नावाचा एक तुकडा ६३ अक्षरांत बसला पाहिजे, ही मर्यादा त्या माळेला लागू आहे. माळ्याला आणि ओसरीला काळजी नाही.

अडचण तुमच्या गावात आहे. 'कऱ्हाड'मधला तो अर्धा ऱ दोन तऱ्हांनी टाइप होतो. काही कीबोर्ड खाली नुक्ता असलेला स्वतंत्र ऱ घेऊन त्याचा पाय मोडतात, काही साध्या र चा पाय मोडून पुढं एक न दिसणारं जोडचिन्ह घालतात. पडद्यावर दोन्ही सारखेच. यंत्राच्या लेखी दोन वेगळी नावं, दोन वेगळ्या माळा. त्यातही तो न दिसणारा जोड काही प्रोग्रॅम मधेच गाळून टाकतात. म्हणजे तुमच्या लॅपटॉपवर कऱ्हाड उघडेल आणि आजोबांच्या फोनवर नाही. दोन्ही माळा फाइलमध्ये एकाच पत्त्यासमोर लिहून बघा, बहुधा चालून जाईल. गाळणाऱ्या प्रोग्रॅमसाठी तिसरीही लागली तर तीही लिहा, जागा पुष्कळ आहे. नुसतं 'माळा' टाइप करून पुढं काही नसेल तर ब्राउझर ते शोधायला पाठवतो आणि तुम्हाला फुलांच्या माळांची दुकानं दाखवतो. शेवटी एक तिरकी रेघ द्या.

कुठल्या फोनवर कुठली माळ चालली ते मला कळवा. कीबोर्डचं नावही लिहा.